एका कुशीतल्या दोघी आणि पन्नास पिढ्यांचे उंदीर

मागच्या हिवाळ्यात शेंदुरजनाघाटला एका लग्नात आम्ही बायका दस्तरखानावर ओळीनं बसलो होतो. आधी खाला, मग अम्मी, मग मी. वाढणारी मुलगी नवीन होती. तिनं खालाच्या ताटाकडे पाहिलं आणि अदबीनं अम्मीला विचारलं, "आपा, आपकी अम्मी को और सालन दूँ?" ओळीतल्या बायका हसल्या. खालाही हसली. अम्मीनं मान खाली घातली.

माझी अम्मी आणि खाला जुळ्या आहेत. एकाच रात्री, काही मिनिटांच्या अंतरानं जन्मलेल्या. लहानपणी नानीसुद्धा कधीकधी चुकायची म्हणे. दोघी आता अडुसष्टच्या. अम्मी अजून कुरडया वाळत घालायला गच्चीवर चढते. खालाच्या हातात काठी आहे. वीस वर्षांपासून साखरेचा आजार आहे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि दात जवळपास गेलेले आहेत.

त्या रात्री वरूडला घरी परतल्यावर खाला मला म्हणाली, "एक ही कोख, एक ही दिन. फिर मेरा ही ऐसा क्यों हुआ? मैंने कौनसा गुनाह किया?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही. बी.एड. करताना शिक्षणाच्या मानसशास्त्रात 'अनुवंश आणि परिस्थिती' असा एक धडा होता. जुळ्यांची उदाहरणं द्यायची, दोन्ही बाजू लिहायच्या आणि शेवटी 'दोन्ही घटक महत्त्वाचे' असं लिहून गुण घ्यायचे. खालाच्या प्रश्नापुढे ते उत्तर मला तोकडं वाटलं. मग मी या प्रश्नाचा इतिहास वाचायला लागले. सारखी माणसं वेगवेगळ्या वेगानं म्हातारी का होतात, हे माणसानं कुठं कुठं शोधलं? वाचता वाचता मी हकिमांच्या दवाखान्यापासून उंदरांच्या पिंजऱ्यापर्यंत आणि तिथून पुन्हा आपल्या वऱ्हाडात येऊन पोहोचले. तेच इथं मांडते आहे.

दिव्यातलं तेल

प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलनं आयुष्य लांब का आणि आखूड का, यावर एक छोटा ग्रंथच लिहिला. त्यात त्यानं वनस्पतींचं आणि प्राण्यांचं आयुर्मान एकमेकांशी ताडून पाहिलं. पुढं नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजनं 'किताब अल-हयवान' हा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ रचला. प्राण्याकडे बघून माणूस समजून घ्यायचा, ही रीत आपल्या परंपरेला परकी नाही.

युनानी तिब्बमध्ये म्हातारपणाची सगळ्यात प्रसिद्ध मांडणी इब्न सीनाची. तो १०३७ साली वारला. त्याच्या मते प्रत्येक शरीराला जन्मतःच एक उष्णता आणि एक ओलावा मिळतो. हकीम लोक त्याला हरारत-ए-गरीजी आणि रुतूबत-ए-गरीजी म्हणतात. दिव्याची ज्योत जशी तेल पीत जाते, तशी ही उष्णता तो ओलावा पीत जाते. तेल संपलं की दिवा विझतो. कुणाच्या दिव्यात तेल किती, हे त्याच्या मिजाजावर ठरतं.

उपमा सुंदर आहे आणि वर्णन म्हणून खरीही वाटते. पण माझ्या घरात एकाच वेळी, एकाच भांड्यातून भरलेले दोन दिवे आहेत. त्यातला एक आधी का फडफडायला लागला, हे या उपमेतून कळत नाही.

आपले लोक म्हणतील, नसीब. मीही नसीब मानते. पण नसीब म्हटलं की विचारणं थांबवायचं, असं मला कुणी शिकवलेलं नाही. म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराला इलाज आहे, असा हदीसचा आशय आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात म्हातारपण वेगळं काढलं आहे. पण म्हातारपणाबरोबर येणारे आजार त्यात सोडलेले नाहीत.

उंदीरच का?

अम्मी आणि खालामध्ये नेमका फरक कशानं पडला, हे मला ठरवता येत नाही, कारण फरक एक नाही, शंभर आहेत. अम्मीचं लग्न वरूडमध्येच झालं, खालाचं दूर खेड्यात. अम्मीला तीन मुलं, खालाला सात. अम्मीच्या सासरी गाय होती. खाला दुसऱ्यांच्या बागेत संत्रा तोडणीला जायची. यातल्या कोणत्या गोष्टीनं किती झिजवलं, हे वेगळं काढायचं कसं? दोघींना पुन्हा जन्माला घालून एकीचं फक्त ताट बदलून तर बघता येत नाही. आणि बघता आलं असतं तरी निकालाला सत्तर वर्षं लागली असती.

पांढरा उंदीर दोन-तीन वर्षांत जन्मतो, वाढतो, व्यातो, म्हातारा होतो आणि मरतो. पिंजरा एक, पाणी एक, खाणं तोलून द्यायचं. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि वाट पाहायची. संशोधकांना उंदीर लागतो तो यासाठी.

भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा निलगिरीतल्या कुन्नूरला झालं. रॉबर्ट मॅककॅरिसन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला लष्करी डॉक्टर. त्याची सुरुवातीची नोकरी गिलगिटकडे गेली. तिथं त्यानं हुंझाच्या खोऱ्यातली काटक माणसं पाहिली आणि दक्षिणेत आल्यावर वेगळ्या बांध्याची, आजारांनी पोखरलेली माणसं पाहिली. त्या काळचे इंग्रज अधिकारी याला सोपं उत्तर देत: शीख, पठाण, गुरखे या 'लढाऊ जमाती', बाकीचे जन्मानंच दुबळे. म्हणजे सगळं रक्तात.

मॅककॅरिसननं एकाच वसाहतीतली, सारख्या वयाची उंदरांची पिल्लं घेतली आणि त्यांचे गट पाडले. एका गटाला शिखांचं खाणं, दुसऱ्याला पठाणांचं, मग मराठ्यांचं, गुरख्यांचं, कन्नड भागातलं, बंगाली आणि मद्रासी. उंदरांचं रक्त एकच, फक्त ताटं सात. काही आठवड्यांनी वजन केलं तर क्रम तोच लागला, शिखांचं खाणं पहिलं आणि मद्रासी शेवटचं. आपलं मराठी ताट तिसरं आलं. शिखांच्या ताटात होती गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळी, भाजीपाला, फळं आणि अधूनमधून मांस. मद्रासी ताटात मुख्यतः सडलेला पांढरा तांदूळ आणि बाकी सगळं नावापुरतं.

हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. ज्या फरकाला राज्यकर्ते वंशाचा फरक म्हणत होते, तो एकाच वंशाच्या उंदरांमध्ये केवळ ताट बदलून उभा करून दाखवता आला. उंदराला जात नसते, त्यामुळं त्याच्या जातीवर खापर फोडता येत नव्हतं.

पुढं त्यानं हजाराहून जास्त उंदीर चांगल्या खाण्यावर दोन वर्षांपर्यंत वाढवले. त्याच्या हिशेबानं ती माणसाची पहिली पन्नास वर्षं. शवविच्छेदन करून पाहिलं, तर त्यांच्यात आजार जवळजवळ सापडलाच नाही. कमअस्सल खाण्यावरच्या उंदरांत मात्र फुप्फुसं, आतडी, मूत्रपिंडं अशा जागोजागी आजार निघाले. इंग्लंडच्या गरिबांचं खाणंही त्यानं एका गटाला दिलं: पांढरा पाव, मार्गारीन, गोड चहा, जॅम, डब्यातलं मांस. ते उंदीर खुरटले, सांभाळणाऱ्या माणसांना चावू लागले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. कुन्नूरची ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात.

उपाशी उंदीर जास्त जगतो?

दर रमजानला माझ्या मोबाइलवर एक निरोप फिरत येतो: 'विज्ञानानं सिद्ध केलं, उपाशी राहणारा जास्त जगतो.' हे अर्धंच खरं आहे, म्हणून त्यावर थोडं लिहिते.

१९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना मोजकंच खायला दिलं. पोटभर खाणाऱ्यांपेक्षा ते जास्त जगले. पण त्या मोजक्या खाण्यात जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं पूर्ण होती. उष्मांक तेवढे कमी होते. ज्या बाईला मीठ-भाकरीवर दिवस काढावा लागतो, तिच्या भुकेशी या प्रयोगाचं काही नातं नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्या उंदरांना ते मानवतही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या ४१ वेगवेगळ्या वाणांना चाळीस टक्के कमी खाणं दिलं गेलं. काही वाणांचं आयुष्य वाढलं, पण त्याहून जास्त वाणांचं घटलं. माकडांवर अमेरिकेत दोन ठिकाणी दीर्घ प्रयोग झाले. विस्कॉन्सिनचा २००९ सालचा निष्कर्ष कमी खाण्याच्या बाजूनं होता, तर तिथल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेला २०१२ साली आयुष्यात फरक दिसला नाही. २०१७ साली दोन्ही गटांनी एकत्र बसून ताळा जमवला. खाणं कोणतं होतं, कमी करायला कोणत्या वयात सुरुवात झाली, माकड नर की मादी, यावर निकाल बदलत होता. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं जहर, ही आपल्या हकिमांची जुनी समजूत अगदीच चूक नव्हती. रोजा आपण इबादत म्हणून ठेवतो. त्याला उंदरांच्या दाखल्याची गरज नाही. आणि साखरेच्या रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या निरोपांच्या भरवशावर राहू नये.

परळचे उंदीर आणि वरूडची झाडं

प्रत्येक उंदराचं रक्त वेगळं असेल, तर फरक कशाचा हे कळत नाही. म्हणून १९०९ पासून अमेरिकेत क्लेरेन्स लिटलनं भाऊ-बहिणींचा संकर पिढ्यान्पिढ्या करून शुद्ध वाण तयार करायला सुरुवात केली. असे वीस पिढ्या संकर केले की वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात.

महाराष्ट्रात हे काम मुंबईत परळला झालं आणि त्यात एका मराठी बाईचा मोठा हात होता. डॉ. कमल रणदिवे, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण हुजूरपागेत. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला काम केलं आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभं आयुष्य घालवलं. उंदरांच्या वाणांवर त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. घराणं, संप्रेरकं, विषाणू यांचा वाटा किती, हा त्यांचा प्रश्न होता. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यात त्या पुढं होत्या. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. पुढच्या काळात त्यांनी अहमदनगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम केलं. उंदरांच्या पिंजऱ्यापासून सुरू झालेला रस्ता त्यांना मुलांच्या ताटापाशी घेऊन गेला, याची मला विशेष कदर वाटते.

आता असे शुद्ध वाणाचे उंदीर, एकच पिंजरा, एकच दाणा. मग सगळे एकाच वेळी म्हातारे व्हायला हवेत. तसं होत नाही. एकाला गाठ लवकर येते, एकाला उशिरा, एकाला येतच नाही. १९९० साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या क्लाउस गार्टनर यांनी आपल्या तीस वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. रक्त सारखं केलं, परिस्थिती सारखी केली, तरी वजनासारख्या गोष्टींतला ७० ते ८० टक्के फरक शिल्लकच राहिला. त्यांनी त्याला तिसरा घटक म्हटलं. अनुवंशही नाही आणि आपण ज्याला परिस्थिती म्हणतो तीही नाही. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेशींच्या पातळीवर जे इकडचं तिकडं होतं, त्यातून हा फरक येत असावा, असं त्यांचं म्हणणं.

संशोधक एक मिलिमीटर लांबीची एक अळीही पाळतात. तिची सगळी पिल्लं रक्तानं सारखी. एकाच ताटलीत वाढलेल्या त्या अळ्यांतली एखादी दहा-बारा दिवसांत संपते, तर एखादी महिनाभर वळवळत राहते. २०१३ साली ड्रेस्डेनच्या गेर्ड केम्पर्मान यांच्या गटानं एकाच वाणाचे ४० उंदीर एका मोठ्या, मजल्यामजल्याच्या घरात तीन महिने ठेवले. घर सगळ्यांना एकच होतं, पण कुणी जास्त हिंडलं, कुणी कोपऱ्यात बसून राहिलं. जे जास्त हिंडले त्यांच्या मेंदूत नव्या पेशी जास्त तयार झाल्या. एका घरात राहूनही प्रत्येकाचं जगणं वेगळं झालं आणि त्या जगण्यानं शरीर वेगळं घडवलं.

वरूडच्या माणसाला हे सांगायला जर्मनी लागत नाही. शेंदुरजनाघाटच्या पन्हेरीत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. एका मायझाडाच्या डोळ्यांपासून वाढलेली कलमं म्हणजे जुळी भावंडंच. तीच माती, तीच विहीर, तेच खत. तरीही एका ओळीत एक झाड पंधराव्या वर्षी डिंक्यानं वाळतं आणि शेजारचं तिशी गाठून बहार देत राहतं. आमच्या शेजारचे काका बागवाले आहेत. त्यांना मी हे सगळं ऐकवलं तर म्हणाले, "बाई, झाड कसं लावलं हे पाहा लागते. रोपटं असताना मुळी वाकडी बसली की ते पुढं सांगते. तुम्ही मंग कितीही पाणी द्या."

मुळी वाकडी बसली की. मी घरी येऊन ते वाक्य वहीत लिहून ठेवलं.

पुण्याचे उंदीर

मुळी कधी वाकडी बसते, याचा शोध आपल्याच राज्यात, पुण्यात घेतला गेला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला. उंचीच्या मानानं वजन मोजण्याचा आकडा दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा सारखा, आतलं शरीर वेगळं. हा फोटो पाहिला तेव्हा मला शेंदुरजनाघाटचा दस्तरखान आठवला.

१९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान. फक्त कातडीखालची चरबी त्या मानानं कमी झालेली नव्हती. म्हणजे बाळ दिसायला वाळकं, पण आत मधुमेहाची तयारी सुरू. आईच्या पोटातच.

मग प्रश्न आला की हे एका आईच्या भुकेचं फळ की तिच्या आईच्या, आणि तिच्याही आईच्या? माणसात हे तपासायला हजार वर्षं लागतील. २०१५ साली डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि पुणे-सिडनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात विस्टार जातीच्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. हे उंदीर पन्नास पिढ्या अपुऱ्या खाण्यावर वाढलेले होते. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर १२५० वर्षं होतात. बगदाद शहराचा पाया ७६२ साली घातला गेला. साधारण तेव्हापासून आजपर्यंत अर्धपोटी राहिलेलं एक खानदान, असं समजा.

या उंदरांची पिल्लं जन्मतःच हलकी होती, तरी अंगात चरबी साठवत होती. रक्तात इन्सुलिन जास्त, ब-१२ आणि फोलेट कमी. मधुमेह घडवून आणणारं रसायन टोचलं, तर नेहमीच्या उंदरांपेक्षा त्यांना मधुमेह होण्याचा धोका आठपट निघाला. त्यानंतर पुढच्या दोन पिढ्यांना भरपूर आणि चांगलं खाणं दिलं. तरीही दोष गेला नाही. जनुकाची अक्षरं बदललेली नव्हती. पण इन्सुलिनच्या जनुकाजवळ, ते किती उघडायचं आणि किती मिटायचं हे ठरवणाऱ्या खुणा बदललेल्या होत्या. उर्दूच्या शिक्षिकेला हे पटकन समजतं. हर्फ तेच असतात, जेर-जबर बदलले की शब्द वेगळा वाचला जातो.

आपल्या पिढ्यांचा हिशेब

हे वाचताना मला आपलं वऱ्हाड दिसत होतं. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं इथल्या कापसाला भाव आला, आगगाडी आली आणि ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला. सोन्याचा मुलूख म्हणून वऱ्हाडचं नाव झालं. पण १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० च्या दुष्काळात कापूस खाता आला नाही. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या जवळपास २९ लाख होती, ती १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. हा नुसता मेलेल्यांचा आणि परागंदा झालेल्यांचा आकडा. जे जगले ते काय खाऊन जगले आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलींच्या शरीरात काय उतरलं, याची नोंद कुठल्याच शिरगणतीत नाही.

माझ्या नानीची आई त्या दुष्काळानंतर काही वर्षांनी जन्मली. १९७२ च्या दुष्काळात अम्मी आणि खाला चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरीची चव दोघींना आजही आठवते. आणि आजही आपल्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटात कुपोषित बाळांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

यावरून मी असं म्हणणार नाही की खालाचा आजार शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळातून आला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरांवर पन्नास पिढ्या सक्ती केली, माणसं मात्र स्थलांतर करतात, कमावतात, शिकतात. उंदरांवरून माणसाच्या एका घराचा हिशेब काढता येत नाही. पण एक गोष्ट नक्की सांगता येते. एखादी बाई लवकर थकली म्हणून 'जिभेवर ताबा नाही' असं तिला ऐकवणं अन्यायाचं आहे. आमच्या घराण्यात खालाला ते वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. मीही ऐकवलं. मागच्या वर्षी माझ्याच तपासणीत साखर काठावर निघाली, तेव्हा माझी जीभ गप्प झाली.

उंदरांचं देणं

या जनावरांबद्दल दोन शब्द लिहिणं मला जरुरीचं वाटतं. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना शिकवतो. मग पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचं काय? आपल्या देशात १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेला बंदी घालणारा कायदा आहे, प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. ते हवंच. माझं मत विचाराल तर, गरज असेल तिथंच आणि कमीत कमी त्रास देऊन हे काम व्हावं. आणि झालेल्या कामाचा फायदा माणसानं करून घ्यावा. ते उंदीर सांगून गेले की बाळाच्या आईला, आणि आई होण्याआधी त्या मुलीला, पुरेसं खायला द्या. त्यानंतरही आपण मुलींना शेवटी वाढत राहिलो, तर त्या जनावरांचा जीव फुकट गेला.

'आपण गोश्त खाणारे लोक, आपल्याला ब-१२ ची काय चिंता', असं मला एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, पातेलं घरात येतं हे खरं, पण सगळ्यांचं झाल्यावर तुमच्या सुनेच्या ताटात बोटी उरते का, ते एकदा बघा. ते काही बोलले नाहीत. माझ्या वर्गातल्या मुली सकाळी चहा-पाव खाऊन येतात. प्रार्थनेच्या वेळी एखादी चक्कर येऊन खाली बसते. मी तिला आधी विचारते, 'काल रात्री काय खाल्लंस?' अभ्यासाचं मग.

मागच्या जुम्याला खाला आली होती. मी तिला हे सगळं माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. कुन्नूरचे उंदीर, परळचे उंदीर, पुण्याचे उंदीर. तिला हसू आलं. म्हणाली, "इतने चूहे लगे मेरा जवाब ढूँढने को?" मग थोडा वेळ गप्प राहिली आणि एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. जन्मली तेव्हा ती दोघींत लहान होती. नानीला दोघींपुरतं दूध येत नव्हतं. थोरली जोरानं ओढायची, म्हणून तिला अंगावर पाजलं. धाकटीला बकरीचं दूध पाणी घालून दिलं.

अम्मी शेजारीच बसली होती. तिलाही हे माहीत होतं. अडुसष्ट वर्षं दोघींनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "खाला, गुनाह किसी का नहीं था." नानीचा नाही, अम्मीचा नाही, तुझा तर नाहीच. खालानं मान हलवली. तिला किती पटलं ते मला सांगता येणार नाही. दस्तरखान लागला तेव्हा अम्मीनं पहिलं ताट खालापुढं ठेवलं. तिच्या साखरेला चालेल अशी ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, वाटीभर डाळ आणि गोश्तच्या दोन बोट्या. स्वतःला तिनं नंतर वाढून घेतलं.